वणवा आणि शेजारधर्म

‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या तोंडीं आहे. भलत्याच जागीं केलेल्या धडपडीची थट्टा करण्यासाठीं ती वापरतात. परंतु तिच्या शब्दशः अर्थाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आग एका गांवीं आणि ती विझविणारा बंब दुसऱ्या गांवीं असेल, तर मधल्या वेळांत आगीच्या गांवानें काय करावें? मोठ्या शहरांत हा प्रश्न उद्भवत नाहीं. तेथें आग लागली कीं दूरध्वनि करावयाचा, घंटा वाजवीत बंब यावयाचा आणि पगारी जवानांनीं ती विझवावयाची, असा क्रम ठरलेला असतो. महापालिका कर घेते आणि त्या करांतून दल पोसते. पण जेथें वस्ती पांचसातशें माणसांची, घरें विखुरलेलीं आणि जवळचें शहर पन्नास किलोमीटर दूर, तेथें अहोरात्र पगारी जवान बसवून ठेवणें कोणत्याहि सरकारास परवडण्यासारखें नाहीं. बरें, शहरांतून बंब येईपर्यंत वाट पाहावी, तर तोंवर घराची राख झालेली असते. अशा ठिकाणीं एकच मार्ग उरतो: ज्यांचीं घरें तेथें आहेत, त्यांनींच बंब चालवावयास शिकावें.

जगांतील अनेक देशांनीं हा मार्ग पत्करला आहे. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिननें १७३६ सालीं फिलाडेल्फिया येथें आपल्या शेजाऱ्यांना जमवून असें एक मंडळ स्थापिलें होतें. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत खेड्यापाड्यांचें अग्निसंरक्षण आजहि मुख्यतः स्वयंसेवकांवरच उभें आहे. परंतु या कामांतील धैर्य म्हणजे नेमकें काय आणि त्याची मर्यादा कोणती, हें समजून घ्यावयाचें असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यांतील व्हिक्टोरिया राज्याकडे पाहावें. कारण तेथें लहान गांवाच्या स्वयंसेवकांची गांठ एखाद्या घराच्या आगीशींच नव्हे, तर वणव्याशीं पडते.

निलगिरी म्हणून जो उंच, सरळ, तैलगंधी वृक्ष आपल्याकडे लावलेला दिसतो, तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिकडे त्याच्या शेंकडों जाती आहेत आणि व्हिक्टोरियांतील बहुतेक रानें याच वृक्षांचीं आहेत. त्याच्या पानांत सहज पेटणारें तेल असतें. कित्येक जातींच्या सालीच्या लांब चिंध्या सुटून फांद्यांना लोंबत राहतात. रान पेटलें म्हणजे या जळत्या चिंध्या वाऱ्यावर उडतात आणि कित्येक किलोमीटर पुढें जाऊन पडतात. त्यामुळें नदी आडवी आली किंवा रस्ता आडवा आला, म्हणजे वणवा थांबेल, असा भरंवसा तेथें धरतां येत नाहीं.

त्यांतच हवेची भर पडते. तिकडे उन्हाळा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असतो. त्या दिवसांत खंडाच्या मध्यभागींच्या वाळवंटावरून उत्तरेचा किंवा वायव्येचा उष्ण आणि कोरडा वारा कधीं कधीं सोसाट्यानें वाहूं लागतो. गवत आधींच वाळलेलें असतें. या वाऱ्यानें त्यांतील उरलासुरला ओलावाहि निघून जातो. अशा वेळीं एक ठिणगी पुरते. जमिनीला चढ असेल, तर आणखीच कठीण. चढावर ज्वाळा वरच्या बाजूच्या गवताझुडपांकडे झुकते आणि पेटण्यापूर्वींच त्यांना तापवून सुकवून टाकते. म्हणून सपाटीवर वणव्याचा जो वेग असेल, तो १० अंशांच्या चढावर सुमारें दुप्पट आणि २० अंशांच्या चढावर सुमारें चौपट होतो, असा तेथील जाणत्यांचा आडाखा आहे. उतारावर तोच वेग मंदावतो. डोंगरमाथ्यावर घर बांधणाऱ्यास देखावा सुंदर मिळतो खरा. पण वणव्याच्या दृष्टीनें तीच जागा सर्वांत वाईट.

या राज्याच्या इतिहासांत काळे दिवस अनेक आहेत. ६ फेब्रुवारी १८५१ रोजीं गुरुवारीं जो वणवा भडकला, त्यांत राज्याचा सुमारें चौथा हिस्सा होरपळला. १३ जानेवारी १९३९ च्या शुक्रवारचा वणवा तर तेथील लोकांच्या मनावर कायमचा कोरला गेला. त्या उन्हाळ्यांत ७१ माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि वीस लक्ष हेक्टरांच्या आसपास मुलूख जळाला. रानांतील लाकूड कापण्याच्या गिरण्या आणि त्यांच्या भोंवतालच्या वस्त्या भस्मसात् झाल्या. सरकारनें न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांची चौकशीसाठीं नेमणूक केली. दैवाला किंवा निसर्गाला दोष देऊन हा प्रश्न मिटविण्यास त्यांनीं नकार दिला. आगी बहुतांशीं माणसांच्याच हातून लागल्या होत्या, आणि त्या आवरण्यासाठीं जी एकसूत्री व्यवस्था हवी होती ती कोणीच उभी केलेली नव्हती, हें त्यांनीं स्पष्टपणें मांडलें.

स्वयंसेवक त्यापूर्वीं नव्हते असें मुळींच नाहीं. लहान शहरांतील बंबांसाठीं १८९१ पासून एक मंडळ काम करीत होतें. रानालगतच्या शेतकऱ्यांनींहि आपापलीं दलें उभारलेलीं होतीं. परंतु एका दलाचा दुसऱ्याशीं मेळ नव्हता. सरकारी जंगलाची हद्द एकाची, शेताची दुसऱ्याची. आणि वणवा तर हद्द ओळखीत नाहीं! १९४३-४४ च्या उन्हाळ्यांत पुन्हां आगी लागल्या, पुन्हां स्ट्रेटन यांनीं चौकशी केली, तेव्हां कोठें सरकार हललें. १९४५ सालीं ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ ही संस्था अस्तित्वांत आली आणि गांवोगांवचीं दलें एका छत्राखालीं आलीं. आज तिच्या पदरीं सुमारें १२०० दलें आणि पन्नास हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत. मोठ्या नगरांतील पगारी जवान २०२० सालीं वेगळ्या संस्थेंत गेले. तेव्हांपासून या संस्थेचीं दलें सर्वस्वीं स्वयंसेवकांचींच राहिलीं आहेत.

अशा एखाद्या लहान गांवच्या दलाची रचना पाहण्यासारखी आहे. गांवांत एक पत्र्याची किंवा विटांची शाळा असावी तशी साधी इमारत असते. तींत एक-दोन गाड्या, भिंतीला खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाचा पोशाख. दलांत शेतकरी असतो, शिक्षक असतो, दुकानदार असतो, मोटार दुरुस्त करणारा असतो. स्त्रिया पूर्वीं बहुधा चहापाण्याची आणि निरोपांची बाजू सांभाळीत. आज त्या गाडी चालवितात, नळी धरतात आणि दलाचें नेतृत्वहि करतात. वयाच्या सोळाव्या वर्षापासून आगीवर जातां येतें. त्याहून लहान मुलांसाठीं नळ्या जोडण्याचे व धांवण्याचे सामने असतात. ज्यांना वयपरत्वें ज्वाळेजवळ जाणें झेपत नाहीं, ते नकाशा, संदेशयंत्र किंवा पाण्याची ने-आण पाहतात.

दलाचा प्रमुख कप्तान. त्याची नेमणूक वरून होत नाहीं. ठराविक मुदतीनें दलांतील सभासदच त्याला निवडून देतात. एरवीं ज्याच्याशीं बांधावरून भांडण असेल, त्याचीहि आज्ञा आगीच्या ठिकाणीं निमूटपणें पाळावी लागते. लहान गांवांत ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. पगारी जवान वरिष्ठाचें ऐकतो, कारण त्याची नोकरी त्यावर अवलंबून असते. स्वयंसेवकावर असें कोणतेंच बंधन नाहीं; तो केव्हांहि घरीं जाऊं शकतो. तरीहि तो थांबतो आणि ऐकतो, तो केवळ आपण दिलेल्या शब्दासाठीं.

इशारा होण्याची रीतहि काळाप्रमाणें बदलली. पूर्वीं घंटा वाजे, मग भोंगा आला. आज प्रत्येकाच्या कमरेला किंवा खिशांत एक लहानसें यंत्र असतें आणि त्यावर आगीचें ठिकाण उमटतें. मग हातांतलें काम टाकून निघावयाचें. दुकानाच्या दाराला कुलूप लागतें, शेतांतील ट्रॅक्टर तासांत तसाच उभा राहतो. पहिले चार-पांच जण जमले कीं गाडी सुटते. रात्रीं माणसें लौकर जमतात; खरी पंचाईत दिवसां होते. गांवांत राहून कामासाठीं दुसऱ्या शहरीं जाणारांची संख्या जसजशी वाढते, तसतशीं दुपारच्या वेळीं गाडीवर चढावयास माणसें अपुरीं पडतात. तरुण शहरांत गेले म्हणजे दल म्हातारें होतें. लहान गांवांच्या दलांपुढील ही आजची सर्वांत मोठी चिंता आहे आणि ती पैशानें सुटणारी नाहीं.

या कामास वेतन नाहीं. काम करतांना दुखापत झाली, तर भरपाईची तरतूद कायद्यानें केलेली आहे. गाड्या व साधनें सार्वजनिक पैशांतून येतात. परंतु एखादा जास्तीचा पंप किंवा कोठडीवरील नवें छप्पर हवें असेल, तर गांवकरी वर्गणी काढतात, सोडत ठेवतात, खाद्यपदार्थांची विक्री करतात. शिवाय पुष्कळ शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मोटारीवर लहान टांकी व पंप बसविलेला असतो. पेटलेलें गवत पहिल्या काहीं मिनिटांत गांठून विझविणारा तोच असतो, आणि अशा विझलेल्या आगींची बातमी कोठेंहि छापून येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. ज्वलनास तीन गोष्टी लागतात: उष्णता, जळण आणि हवा. तिहींतील एक काढून घेतली कीं आग संपते, हें शाळेंतील मुलेंहि शिकतात. रानांतील हवा काढून घेणें शक्य नाहीं. राहिलीं उष्णता आणि जळण. उष्णता काढण्याचें साधन पाणी. एक लिटर पाणी शून्य अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ होतांना शोषली जाते. म्हणून जें पाणी जमिनीवर वाहून गेलें तें जवळजवळ फुकट गेलें, आणि जें वाफ होऊन गेलें तें कामीं आलें. बारीक तुषारांनीं विझवावें, धो-धो ओतूं नये, यांतील मर्म हेंच.

आणि पाणी तरी किती? रानांत जाणाऱ्या सर्वसाधारण गाडीच्या टांकींत ३००० ते ४००० लिटर असतें. मिनिटाला ३०० लिटर सोडलें, तर ३००० लिटरांची टांकी १० मिनिटांत रिकामी होते. सभोंवार हजारों हेक्टर रान पेटलेलें असतां या १० मिनिटांना किंमत ती काय! म्हणून वणव्याशीं लढण्याचें मुख्य शस्त्र पाणी नसून जळण तोडणें हें आहे. फावडें-दंताळें घेऊन किंवा यंत्रानें गवत, पाला व झुडपें खरवडून उघड्या मातीची पट्टी काढतात. आपल्याकडे वनखात्यांत तिला जाळरेषा म्हणतात. कधीं कधीं या पट्टीच्या आंतल्या बाजूनें मुद्दाम आग लावून वणवा येण्यापूर्वींच त्याचें जळण संपवितात. वणव्याच्या तोंडावर सहसा कोणी जात नाहीं. जळून काळी झालेली जमीन पाठीशीं ठेवून, मागच्या बाजूनें व बगलेनें आग दाबीत पुढें जावयाचें, ही रीत. कारण जें एकदां जळालें तें पुन्हां जळत नाहीं. काळी जमीन हीच तेथील सुरक्षित जमीन.

ज्वाळा विझल्या म्हणजे काम संपलें असें नाहीं. खोडाच्या पोकळींत, मुळांखालीं, शेणाच्या गोवऱ्यांत निखारा दिवसानुदिवस धुमसत राहतो आणि वारा सुटला कीं पुन्हां पेट घेतो. म्हणून कडेकडेनें चालत, जमिनीला हाताची पाठ लावून ऊब पाहत, एकेक खोड उकरून विझवावें लागतें. राखेंतलें हें कंटाळवाणें काम दिवसचे दिवस चालतें. स्वयंसेवकाच्या आयुष्यांत पराक्रमाचे तास थोडे आणि असे तास फार.

परंतु या विद्येंतील सर्वांत महत्त्वाचा पाठ वाऱ्याचा आहे, आणि तो माणसांच्या प्राणांचें मोल देऊन शिकावा लागला. व्हिक्टोरियांत उष्ण उत्तरवाऱ्याच्या मागोमाग बहुधा त्याच दिवशीं नैर्ऋत्येकडून थंड वारा येतो. घामाघूम झालेल्या नगरवासीयांना त्याच्यामुळें सुटकेचा श्वास घेतां येतो. पण वणव्यावर असलेल्या माणसास तोच काळ ठरूं शकतो. कारण असें: उत्तरेच्या किंवा वायव्येच्या वाऱ्यानें वणवा आग्नेयेकडे एका लांब, अरुंद पट्ट्यासारखा धांवत जातो. समजा, तो पट्टा १० किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद झाला. त्याचें तोंड फक्त एक किलोमीटरचें. लांब बगला तुलनेनें शांत असतात आणि तेथेंच माणसें काम करीत असतात. इतक्यांत वारा नैर्ऋत्येचा झाला, कीं १० किलोमीटरांची ईशान्येकडील बगल एका क्षणांत वणव्याचें तोंड बनते. जेथें उभें राहणें मघांपर्यंत शहाणपणाचें होतें, तीच जागा मृत्यूची होते.

१६ फेब्रुवारी १९८३ हा दिवस ‘ॲश वेन्स्डे’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशीं व्हिक्टोरियांत ४७ आणि शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियांत २८ माणसें दगावलीं. अप्पर बीकन्सफील्ड येथें रात्रीं वारा फिरला, तेव्हां नॅरे वॉरेन आणि पँटन हिल या दोन गांवांच्या दलांतील १२ स्वयंसेवक आपल्या गाड्यांसह आगींत सांपडले. बाराहि जण गेले. लहान गांवांतून एका रात्रींत इतकीं माणसें जाणें म्हणजे काय, हें आंकड्यांनीं सांगतां येत नाहीं. ज्या शाळेंत, ज्या दुकानांत, ज्या शेतांत हीं माणसें होतीं, ती प्रत्येक जागा दुसऱ्या दिवशीं रिकामी होती.

पंधरा वर्षांनीं तोच पाठ पुन्हां गिरवावा लागला. २ डिसेंबर १९९८ रोजीं लिंटन गांवाजवळ वणवा लागला. मदतीस दूरदूरचीं दलें आलीं. त्यांत जिलाँग शहराच्या भागांतील दोन गाड्या होत्या. दिवस काहीं अतिभयंकर नव्हता, वणवाहि अफाट नव्हता. पण संध्याकाळीं वारा बदलला आणि दोन्ही गाड्या रानांतील वाटेवर ज्वाळांनीं वेढल्या गेल्या. एका गाडींत स्वसंरक्षणास पुरेल इतकें पाणी होतें. त्या तुषारांच्या आड तिच्यावरील माणसें वांचलीं. दुसऱ्या गाडीचें पाणी पुरलें नाहीं. तिच्यावरील जिलाँग वेस्ट दलाचे पांच स्वयंसेवक मृत्यु पावले.

या प्रकरणाची न्यायालयीन चौकशी फार बारकाईनें झाली आणि तिनें दलांची कार्यपद्धति बदलली. संशोधकांनीं, जाळरेषा आणि वणव्याची कड यांच्यामधील न जळालेल्या पट्ट्याला ‘मृत्यूचा पट्टा’ असेंच नांव दिलें. कारण वारा फिरला कीं तेवढें सर्व रान एकदम पेटतें आणि मधल्या माणसास पळावयास वेळ उरत नाहीं. ठराविक किमान शिक्षण घेतल्यावांचून कोणासहि आगीवर पाठवावयाचें नाहीं, असें ठरलें. प्रत्येक तुकडीनें पांच गोष्टी मनांत पक्क्या ठेवावयाच्या: टेहळणी करणारा माणूस, परिस्थितीचें भान, इतरांशीं संपर्क, माघारीच्या वाटा आणि सुरक्षित जागा. गाडीभोंवतीं तुषारांचा पडदा धरणारीं तोंडें बसविण्यांत आलीं, खिडक्यांना उष्णता परतविणारे पडदे आले आणि आंत लोंकरीचीं कांबळीं ठेवण्यांत आलीं; कारण लोंकर कृत्रिम कापडाप्रमाणें वितळत नाहीं आणि ज्वाळा अंगाला भिडण्यापूर्वीं तिची नुसती धगच माणसाचा प्राण घेऊं शकते.

या सर्वांत एक नियम असा आहे, कीं तो वाचावयास अगदीं साधा, पण पाळावयास फार कठीण. टांकींत किमान २५० लिटर पाणी नेहमीं राखून ठेवावयाचें. तें फक्त गाडीवरील माणसांच्या रक्षणासाठीं. त्याला आगीसाठीं हात लावावयाचा नाहीं. आतां या नियमाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. समोर जें घर पेटत आहे तें परक्याचें नसतें. त्या घरीं या माणसांनीं लग्नाच्या पंगतींत जेवण केलेलें असतें, तेथील मुलें यांच्या मुलांबरोबर शाळेंत जातात. आणखी दोन मिनिटें नळी चालली तर छप्पर वांचेल, असें दिसत असतें. टांकींत पाणी आहे, हेंहि ठाऊक असतें. तरी तुकडीचा नायक ‘पुरे, गाडी मागें घ्या’ म्हणतो आणि नळी बंद होते. उद्यां ज्याचें घर जळालें तो रस्त्यांत भेटेल, त्याच्या डोळ्यांला डोळा भिडवावा लागेल. शहरांतील जवानास हा प्रसंग क्वचितच येतो. गांवच्या स्वयंसेवकास तो जन्मभर पुरतो.

आगींत उडी घेणाऱ्याचें धैर्य सर्वांना दिसतें आणि त्याचे पोवाडे गाइले जातात. शेजाऱ्याचें घर जळत असतां, आपल्या हाताखालच्या चार माणसांना घेऊन मागें फिरणाऱ्याचें धैर्य कोणाला दिसत नाहीं. वस्तुतः दुसरें पहिल्याहून अवघड आहे. कारण त्या चौघांच्या घरींहि कोणी वाट पाहत असतें, आणि तींहि त्याच गांवचीं घरें आहेत. स्वयंसेवकानें गांवाला आपला वेळ दिला आहे, श्रम दिले आहेत, प्रसंगीं धोकाहि पत्करला आहे. पण आपला जीव एखाद्या छपराच्या मोबदल्यांत दिलेला नाहीं. गांवानेंहि तो मागूं नये, हा या शेजारधर्माचा दुसरा अर्धा भाग होय.

हा दुसरा भाग गांवकऱ्यांना किती कळला, याची परीक्षा ७ फेब्रुवारी २००९ रोजीं झाली. त्या शनिवारीं मेलबोर्न येथें ४६.४ अंश तपमानाची नोंद झाली. दुपारीं वणवे भडकले, संध्याकाळीं वारा फिरला आणि १७३ माणसें प्राणांस मुकलीं. दोन हजारांवर घरें जळालीं. किंगलेक आणि मेरीसव्हिल या डोंगराळ वस्त्यांची तर दैना उडाली. स्वयंसेवक होते, गाड्या होत्या. पण एकाच वेळीं हजारों घरांना आग लागली, तर हजारों गाड्या कोठून आणाव्या? त्यानंतरच्या चौकशींतून एक कडू सत्य सर्वांच्या गळीं उतरलें, कीं काहीं दिवस असे उगवतात, ज्या दिवशीं बंब येणार नाहीं. आणि त्या दिवशीं सकाळींच घर सोडून सुरक्षित ठिकाणीं जाणें, हाच खरा उपाय. आज तेथें धोक्याच्या चार पायऱ्या ठरविलेल्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीची घोषणा झाली, कीं वणव्याच्या टापूंत थांबूं नये, असें सरकार स्पष्ट बजावतें. उन्हाळ्यांत उघड्यावर आग पेटविण्यावर निर्बंध असतात. विशेष धोक्याच्या दिवशीं तर ती पूर्णपणें बंद असते.

म्हणून गांवांतील जो गृहस्थ दलांत नाहीं, त्याच्यावरहि काहीं जबाबदारी येते. पन्हळींतील पाला काढणें, घराभोंवतालचें गवत कापणें, लांकडाचा ढीग भिंतीपासून दूर रचणें, पाण्याच्या टांकीपर्यंत गाडी पोंचेल अशी वाट ठेवणें आणि कोणत्या वेळीं घर सोडावयाचें तें घरांतील सर्वांनीं आधींच ठरवून ठेवणें, ही ती जबाबदारी. घरावर उडून पडणारी ठिणगी कोरड्या पाल्यांत पडली तर घर पेटतें; स्वच्छ पत्र्यावर पडली तर विझते. ज्यानें हें केलें नाहीं, तो आपल्या आळसाचा भार दुसऱ्याच्या जिवावर टाकतो, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

आपल्याकडील सह्याद्रीच्या डोंगरांतहि माघ-फाल्गुनापासून पहिला पाऊस पडेपर्यंत वणवे लागतात, आणि तेहि बहुधा माणसांच्याच हातून. ओल्या डहाळ्यांनीं झोडपून ते विझविणारीं माणसें आसपासच्या वाड्यांतलींच असतात. त्यांच्या अंगावर ना विशेष पोशाख, ना जवळ संदेशयंत्र. शहरांतील जवानांचें ऋण मुंबई विसरलेली नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत ‘फोर्ट स्टिकाईन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यांत मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जण कामास आले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. डोंगरावर डहाळी घेऊन धांवणाऱ्यासाठीं असा दिवस नाहीं. व्हिक्टोरियाचा अनुभव असें सांगतो, कीं अशा माणसांना शाबासकीपेक्षां शिक्षणाची गरज अधिक असते: वारा कोणत्या बाजूचा आहे, तो फिरला तर काय होईल, काळी जमीन कोठें आहे आणि मागें वळावयाची वेळ कोणती.

बंब सोमेश्वरीं असला, तरी रामेश्वरानें हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. गांवांतील पंधरा-वीस माणसांनीं आगीच्या पुष्कळ आधीं एकत्र येऊन नळी जोडण्याची संवय केली, एकाची आज्ञा मानण्याचें ठरविलें आणि गेलेल्या प्रत्येकाला परत घरीं आणण्याचा निश्चय केला, तर तें गांव निराधार राहत नाहीं. उरलेल्या गांवकऱ्यांनीं मात्र आपापल्या पन्हळींतील पाला वेळेवर काढावा, आणि मागें फिरलेल्या गाडीकडे बोट दाखवूं नये.